पलीकडच्या काठावरचा मित्र : आजोबांच्या मैत्रीचे अनुभव

धोपावे, ता. गुहागर

कोकणातल्या खेळांची नोंद राहिली ती बहुतेक ढाली आणि विजेते संघ यांच्या रूपाने. हरलेला कोण होता आणि जिंकणाऱ्याचे त्याच्याशी पुढे आयुष्यभर कसे जमले, हे मात्र पडवीतल्या गप्पांपलीकडे फारसे गेले नाही. ज्यांच्या आजोबांचा असा एखादा प्रतिस्पर्धी मित्र होता, त्यांनी तो अनुभव येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. खेळ कोणताही चालेल, पण चुरस खरी असावी. खेळ विसरून मैत्री केल्याच्या गोष्टी मला नको आहेत, कारण माझ्या आजोबांनी खेळ कधीच विसरला नाही आणि त्यांच्या मित्रानेही त्यांना तो विसरू दिला नाही.

सुरुवात मी करते. आमचे घर दाभोळ खाडीच्या दक्षिण काठावर आहे. आजोबा हुतूतू खेळत, डाव्या कोपऱ्यावर उभे राहत आणि चढाई करणाऱ्याचा घोटा पकडण्यात त्यांचा हात धरणारा आसपासच्या वाड्यांत कोणी नव्हता, असे निदान आमच्या घरात मानले जाते. त्यांचे मित्र खाडीपलीकडच्या दाभोळच्या संघातले. त्या काळी खेळाचे नियम सगळीकडे सारखे नव्हते. संजीवनीत बाद झालेला गडी, समोरचा गडी बाद झाला की पुन्हा मैदानात येई. गामिनीत तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. आणि अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. आमच्या काठावर गामिनीचे चाहते अधिक होते आणि दाभोळकरांना संजीवनीच हवी असे. त्यामुळे सामन्याआधी कोणत्या पद्धतीने खेळायचे यावरच तासभर हुज्जत चाले आणि ती हुज्जत घालायला दोन्ही संघांनी नेमून दिलेले गडी म्हणजे हे दोघे.

मैत्री जुळली ती मात्र खाडीमुळे. तेव्हा मोटारी वाहून नेणारी फेरीबोट नव्हती. माणसे पलीकडे नेणारी वल्ह्यांची होडी, म्हणजे ‘तर’, होती आणि अंधार पडला की तरवाला होडी बांधून घरी जाई. नियमांच्या हुज्जतीमुळे सामना उशिरा सुरू होई, म्हणून उशिरा संपे, आणि पाहुण्या संघाला यजमानांच्या पडवीत मुक्काम करण्यावाचून गत्यंतर उरत नसे. ज्याचा घोटा दुपारी आजोबांनी पिरगाळला होता, त्याच्याच पायाला रात्री पणजी एरंडाचे पान शेकून बांधत असे. सकाळी पहिली तर सुटेपर्यंत दोघे पडवीत बसून आदल्या दिवशीचा सामना पहिल्या चढाईपासून पुन्हा बोलून काढत.

अशाच एका सामन्यात, शेवटच्या चढाईत, आजोबांनी मित्राचा घोटा धरला. मित्र आडवा झाला आणि त्याची बोटे मध्यरेषेवर पडली. पंचांनी तो सुटल्याचे जाहीर केले, धरणारे तिघे बाद झाले आणि आम्ही सामना हरलो. आजोबांचे म्हणणे असे, की बोट रेषेला लागण्याआधी दम तुटला होता. मित्राचे म्हणणे असे, की दम शाबूत होता आणि आजोबांच्या कानात वारे होते. हा वाद पुढची सारी वर्षे चालला. माझ्या आईवडिलांच्या लग्नात जेवणाची पंगत उठल्यावर या दोघांनी मांडवात रांगोळीची रेषा ओढून त्या चढाईचे प्रात्यक्षिक केल्याची आठवण अनेक नातेवाईक सांगतात. आजोबांनी त्या दिवशी नवे धोतर नेसले होते, हे त्यात आजी न चुकता जोडते.

१९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा आजोबा ती बातमी सांगायला मुद्दाम पलीकडे गेले, आणि ती मित्राला आधीच कळलेली असल्यामुळे नाराज होऊन परतले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तोवर दोघेही खूप थकले होते, तरी आमच्या दूरचित्रवाणीसमोर एकत्र बसत. आजोबा यू मुंबाच्या बाजूचे, म्हणून मित्राने जयपूरचा संघ धरला. जयपूरशी त्यांचा दुसरा कोणताही संबंध नव्हता. पहिल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात जयपूरने मुंबईला हरवल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की पुन्हा पुन्हा दाखवण्याची ही सोय आपल्या वेळी का नव्हती. त्यावर आजोबा म्हणाले, "असती तर तू इतकी वर्षे माझ्याकडे आला कशाला असतास?"

मालवण

आमच्याकडचा खेळ वर्षातून एकदाच होतो, पण त्याची तयारी वर्षभर चालते. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सागराला नारळ अर्पण झाला की नारळ लढवण्याची झुंबड उडते. एकाने सोललेला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर आपटायचा. ज्याचा फुटेल तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. बाहेरच्या माणसाला यात ताकद दिसते. खरी गोष्ट करवंटीच्या जाडीची आणि कोणता नारळ कुठे धरायचा याच्या ज्ञानाची आहे. माझे आजोबा म्हाताऱ्या माडांचे लहान, जड नारळ श्रावणाच्या कितीतरी आधी वेगळे काढून माळ्यावर ठेवत, दर आठवड्याला चढून ते कानाशी वाजवून पाहत आणि घरातल्या कोणालाही त्यांना हात लावू देत नसत.

त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी म्हणजे आमच्याच माडांवर चढणारे पाडेली. आमचे आजोबा बागायतदार आणि ते मजुरीवर नारळ पाडणारे. वयाने बरोबरीचे, समाजाच्या हिशेबात मात्र बरोबरीचे नव्हते, हे लपवण्यात अर्थ नाही. वर्षभर ते आमच्या खळ्यात खाली बसत आणि आजोबा ओटीवर. नारळी पौर्णिमेच्या दिवशी मात्र दोघे बंदरावर समोरासमोर उभे राहत आणि तेथे फक्त नारळ बोले.

आजोबांची पंचाईत अशी होती, की आमच्या कोणत्या माडाचा नारळ किती टणक, हे त्यांच्यापेक्षा त्या पाडेलींना अधिक माहीत होते. आजोबांसाठी सर्वांत कठीण नारळ निवडून देण्याचे कामही तेच करत आणि नंतर स्वतः दुसऱ्याच कोणाच्या बागेतला नारळ घेऊन येऊन त्यांना हरवत. आजोबांना दरवर्षी संशय येई, की यंदा आपल्याला मुद्दाम कच्चा माल दिला. एके वर्षी त्यांनी भर बंदरावर अदलाबदलीची मागणी केली. पाडेलींनी शांतपणे आपला नारळ त्यांना दिला, त्यांचा स्वतः घेतला आणि तरीही जिंकले. "माडाचो दोष नाय, धरतलो हात व्हयो," असे त्यांनी त्या वेळी ऐकवल्याचे वडील सांगतात.

आजोबांनी त्या दिवशी त्यांना घरी नेले आणि ओटीवर, आपल्या शेजारच्या पाटावर बसवून जेवायला घातले. वर्षभराची बसण्याची रीत त्यानंतर हळूहळू बदलली. ती एका दिवसात बदलली, असे सांगण्याचा मोह आमच्या घरात अनेकांना होतो. पण वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेले वेगळे आहे. पाडेलींचा मुलगा शिकून नोकरीला लागेपर्यंत बाकीच्या दिवशी ते अधूनमधून खळ्यातच बसत होते. तरीही आजोबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या उशाशी येऊन, यंदा कोणत्या माडाला कसे नारळ धरले आहेत याची खडान्‌खडा माहिती देणारे तेच होते आणि त्या माहितीवरून त्यांच्याशी भांडण्याइतका जोर आजोबांमध्ये अखेरपर्यंत होता.

दाभोळ

धोपाव्याच्या ताईंनी लिहिलेले वाचून मी आमच्या घरातल्या सर्व वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून खात्री करून घेतली. ज्या चढाईचे त्यांनी वर्णन केले आहे, ती आमच्याही घरात पिढीजात सांगितली जाते. फरक एवढाच, की आमच्या कथेत चढाई करणारे त्यांचे आजोबा आणि घोटा धरणारे आमचे. सामना आम्हीच जिंकलो, यावर दोन्ही घरांचे एकमत आहे. मग आमच्या कथेत पंचांनी निकाल कोणाच्या बाजूने दिला, हे माझ्या काकांना नीट सांगता येत नाही. लग्नातल्या प्रात्यक्षिकाविषयी मीही ऐकले आहे, पण रांगोळीत लोळले होते ते धोपाव्याचे आजोबा, आणि नव्या धोतराचा तपशील पाहता मला आमचीच बाजू बळकट वाटते.

ताईंनी एक गोष्ट लिहिलेली नाही. कदाचित त्यांना ती कोणी सांगितली नसेल. एकदा मुंबईतल्या एका स्पर्धेसाठी आमच्या भागातला एकत्रित संघ गेला आणि त्यात या दोघांचीही निवड झाली. दोघे पहिल्यांदाच एका बाजूने खेळले आणि दोघांचाही खेळ इतका पडला, की पहिल्याच फेरीत संघाला परतावे लागले. आमचे आजोबा सांगत, की समोरच्या संघात पाहावे तर तो नाही आणि शेजारी पाहावे तर तोच उभा, अशा स्थितीत चढाईला जायला मन घेत नसे. त्यानंतर पुन्हा एकत्र खेळण्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

हर्णै, ता. दापोली

आमच्या आजोबांनी स्वतः बॅट कधी धरली नाही. ते मुंबईला गिरणीत होते आणि त्यांचे जिवलग मित्र, आमच्याच गावच्या कोकणी मुसलमान घरातले, मुंबई बंदरात खलाशी होते. मुंबईत तेव्हा हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि, १९३७ पासून, शेष (म्हणजे बाकीच्या धर्मांचा) अशा पाच संघांचे पंचरंगी क्रिकेट सामने होत. धर्मावरून संघ पाडण्याला विरोध वाढत होता; १९४० मध्ये गांधीजींनीही या स्पर्धेविरुद्ध मत दिले आणि १९४६ नंतर ती कायमची थांबली. आज त्या स्पर्धेविषयी वाचताना मलाही ती बंद झाली हेच योग्य वाटते. पण या दोन तरुणांनी तिच्यातून जे उभे केले, ते त्यांचे स्वतःचे होते.

दोघांची पैज ठरलेली असे. हिंदू आणि मुस्लिम संघांत जो हरेल, त्याच्या बाजूच्या माणसाने पुढच्या उन्हाळ्यात गावी जाताना दुसऱ्याची ट्रंक वाहायची. तेव्हा आगबोट हर्णैला खोल पाण्यातच थांबे, तेथून पडावातून किनाऱ्याजवळ यायचे आणि उरलेले अंतर गुडघाभर पाण्यातून चालायचे. त्यामुळे खलाशाची लोखंडी ट्रंक डोक्यावर घेणे ही काही लहान शिक्षा नव्हती. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला अवघा एक गडी राखून हरवले. पुढच्या उन्हाळ्यात आजोबा ती ट्रंक डोक्यावर घेऊन मित्राच्या घरापर्यंत, वाटेतल्या प्रत्येकाला कारण समजावून सांगत गेले. मित्राच्या आईने ट्रंक उतरवून घेताना आपल्याच मुलाला शिव्या दिल्या.

स्पर्धा बंद पडल्यावर पैजेचा प्रश्न उभा राहिला. तो मित्राने सोडवला. मुश्ताक अली आणि सी. के. नायडू इंदूरच्या होळकर संघाकडून खेळतात, तेव्हा आजपासून रणजी करंडकात आपण होळकर आणि तू मुंबई, असे त्याने जाहीर केले. १९४७-४८ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाने मुंबईला हरवले आणि ट्रंक पुन्हा आजोबांच्या डोक्यावर आली. त्या दिवसांत शहरात आणि गावोगावी कशी हवा होती, हे वाचकांना सांगायला नको. आजोबांना घरच्यांनी समजावले होते, की निदान या वर्षी भर दिवसा, सगळ्या गावासमोर हे सोंग करू नये. त्यांनी नेमके भर दिवसा केले आणि बाजारातून लांबच्या वाटेने गेले.

मित्राचे काही नातलग पुढे परदेशी गेले. ते मात्र निवृत्तीनंतर हर्णैलाच राहिले. म्हातारपणी ट्रंक वाहणे शक्य नव्हते, म्हणून शिक्षा बदलून मासळीवर आली. लिलावातून आणलेला सुरमईचा मधला तुकडा आमच्या घरी आला, की मुंबई जिंकली हे आम्हा मुलांना रेडिओ न लावताही कळत असे.

चिपळूण

सगळे गोड लिहिले जात आहे, म्हणून एक वेगळा अनुभव नोंदवतो. माझे आजोबा आणि त्यांचे वर्गमित्र दोन वेगवेगळ्या खो-खो संघांत होते. एक सूर मारण्यात तरबेज, दुसरा खांबावरच्या खेळात. मैदानावर त्यांचे कधी बिनसले नाही. बिनसले ते दोघे खेळणे सोडून संघांचे कारभारी झाल्यावर, एका मुलाच्या निवडीवरून. निवड करणाऱ्यांनी काय पाहिले ते त्यांनाच ठाऊक; पण त्यानंतर ही दोन माणसे एकाच गल्लीत राहून एकमेकांच्या घरच्या कार्याला गेली नाहीत. माझी समजूत अशी आहे, की चुरस स्वतःच्या अंगाने खेळायची असते तोवर ती पचते. दुसऱ्याच्या मुलांना पुढे करून खेळायला लागले, की तिचे राजकारण होते. वरच्या अनुभवांतले सगळे आजोबा शेवटपर्यंत स्वतःच भांडत होते, हे मला लक्षणीय वाटते.

नागाव, ता. अलिबाग

चिपळूणकरांच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे. आमच्याकडे समुद्रकिनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होतात. ओहोटीला पाणी मागे गेले, की ओली पुळण घट्ट असते आणि तिच्यावर हलकी गाडी अक्षरशः उडते. आमच्या आजोबांची जोडी आणि रेवदंड्याकडच्या त्यांच्या मित्राची जोडी, यांच्यातली चुरस आसपास प्रसिद्ध होती. मित्र बैल विकत घ्यायला घाटावरच्या बाजारात निघाले, की आजोबांना बरोबर नेत. ज्याच्याविरुद्ध पळायचे तो बैल प्रतिस्पर्ध्यालाच पारखायला सांगणे हा वेडेपणा आहे, असे गाववाले म्हणत. त्यावर मित्राचे उत्तर असे, की बैलातली खोट शोधायला माझ्या वाइटावर टपलेल्या माणसाइतका चांगला पारखी दुसरा कोण मिळणार? आणि आजोबा खरोखरच खोट सांगत. खूर पाहत, खांदा दाबत, चालवून पाहत, आणि चांगला बैल असेल तर तोंड वाकडे करून "घे" म्हणत.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. बैलांना होणाऱ्या मारहाणीचा प्रश्न खरा होता. पुराणी आणि चाबूक यांचा अतिरेक आम्ही स्वतः पाहिला आहे, आणि आजोबाही पुराणी टोचणाऱ्याला शेजारी उभा करत नसत. त्यामुळे बंदीची चर्चा मी येथे करणार नाही. मला सांगायचे आहे ते त्या दोन म्हाताऱ्यांविषयी. बंदीनंतर दोघांमध्ये भांडण्यासारखे काही उरले नाही, आणि कोणाला वाटेल की आता ते निवांत भेटू लागले असतील. झाले उलटेच. येणेजाणे कमी झाले. मित्र आले तरी प्रकृतीची चौकशी होई, पावसापाण्याचे बोलणे होई आणि चहा संपला की ते उठत. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा दोघे उत्साहात आले, पण न्यायालयातल्या स्थगितीमुळे तो उत्साह विरला. मित्राने बैल विकले. आजोबांनी एक ठेवला, तो गोठ्यात नुसता बसून जाडा झाला.

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली. त्या संध्याकाळी मित्राचा फोन आला. आजोबांना ऐकू कमी येत असल्यामुळे फोन स्पीकरवर होता आणि सगळ्या घराने तो ऐकला. नमस्कार-चमत्कार न करता मित्र म्हणाले, "तुझ्या त्या जाड्याला पळवणार आहेस, की मी नवी जोडी घेऊन एकटाच धावू?" पुढच्याच आठवड्यात दोघे नातवांच्या गाडीतून बाजाराला गेले आणि वाटेत भांडून, एकमेकांशी न बोलता परत आले. घरातल्या सगळ्यांना हायसे वाटले.

रत्नागिरी

आतापर्यंतचे सर्व अनुभव वाचून माझ्या आजीने एक आक्षेप घेतला आहे आणि तो तिच्याच आग्रहावरून येथे मांडते. या सगळ्या थोर मैत्र्यांचा स्वयंपाक कोणी केला, असे तिचे विचारणे आहे. धोपाव्याच्या पणजींनी पायाला एरंडाचे पान बांधले, हे आले. पण मुक्कामाला राहिलेल्या अख्ख्या संघाला रात्री भात आणि कुळथाची पिठी, सकाळी आंबोळ्या, हे कोणी लिहिले नाही.

आमचे आजोबा आणि त्यांचे मित्र दोन शेजारी गावांच्या व्हॉलीबॉल संघांचे कप्तान होते. सामने आलटून पालटून दोन्ही गावांत होत आणि यजमान कप्तानाच्या घरी जेवण असे. आजी आणि मित्राची पत्नी यांची ओळख त्या चुलीपुढेच झाली. पुरुष ओटीवर सामन्याची चर्चा करत बसत तेव्हा या दोघी मागीलदारी उष्टी काढत. एका वर्षी मित्राच्या पत्नीने ओटीवर येऊन जाहीर केले, की यापुढे जिंकलेल्या संघाने सगळी भांडी घासायची, नाहीतर पुढच्या सामन्याला चूल पेटणार नाही. आजीने आतून दुजोरा दिला. दोन्ही कप्तानांनी बराच वेळ विचार करून अट मान्य केली, कारण जेवणाची दुसरी सोय कोणाकडेच नव्हती.

माझे वडील सांगतात, की त्यानंतर काही वर्षे शेवटचा गुण घेताना दोन्ही संघ थोडे रेंगाळत. आजीला हे मान्य नाही. तिच्या मते आमचा संघ मुळातच कच्चा होता, आणि हवे तर मित्राच्या पत्नीला विचारा, असे ती म्हणते. त्या दोघींचे अजून दर रविवारी फोनवर बोलणे होते.